भर समुद्रात दिसलेला दुर्मीळ पक्षी ओळखायचा कसा? माजलगाव धरणावरही चालते हीच रीत

बीड : बीडपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर दूर. मग समुद्री पक्ष्यांशी आपला काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण दर पावसाळ्यात मोबाईलवर एखादा व्हिडिओ फिरतोच. "कधीच न पाहिलेला पक्षी सापडला", "परदेशी गरुड आला", "शेवटची जात उरली आहे" असं काहीबाही त्याखाली लिहिलेलं असतं. पक्षी कुठला, कधी दिसला, कुणी पाहिला याचा पत्ता नसतो. नाव मात्र ठासून सांगितलेलं असतं.

किनाऱ्यापासून दूर, हलत्या बोटीवरून दिसलेला पक्षी ओळखणं हे पक्षिनिरीक्षणातलं सर्वांत अवघड काम मानलं जातं. तिथे चालणारी रीत एकदा कळली, की माजलगाव धरणावर, मांजरा धरणावर किंवा गावच्या पाझर तलावावर दिसलेला अनोळखी पक्षीही नीट नोंदवता येतो. रीत सोपी आहे. आधी जे दिसलं ते लिहायचं, नाव नंतर शोधायचं. आणि नाव ठरलं नाही तर तेही तसंच लिहायचं.

समुद्री पक्षी म्हणजे नेमके कोणते?

किनाऱ्यावर दिसणारा प्रत्येक पक्षी समुद्री नसतो. कुरव, बगळे, तुतवार हे किनाऱ्यावरही असतात आणि आपल्या धरणांवरही येतात. खऱ्या अर्थाने समुद्री म्हणावेत असे पक्षी आयुष्याचा बहुतेक काळ खुल्या समुद्रावरच काढतात. खाणं, झोपणं, पिसं बदलणं सगळं तिथेच. जमिनीवर ते येतात फक्त अंडी घालण्यासाठी, तेही बहुतेक वेळा निर्मनुष्य बेटांवर.

ते समुद्राचं खारं पाणी पितात. त्यांच्या डोळ्यांजवळ मिठाच्या ग्रंथी असतात. रक्तातलं जास्तीचं मीठ या ग्रंथी वेगळं काढतात आणि ते खारट थेंबांच्या रूपात चोचीवाटे बाहेर पडतं. पेट्रेल आणि शिअरवॉटर या गटातल्या पक्ष्यांच्या चोचीवर तर नाकपुड्यांच्या छोट्या नळ्याच असतात. चोचीवर नळी दिसली, की हा पक्षी खोल समुद्राचा आहे हे नक्की समजावं. आपल्या धरणांवरच्या कुठल्याही नेहमीच्या पक्ष्याला अशी नळी नसते.

ओळख इतकी अवघड का?

शेताच्या धुऱ्यावर उभं राहून लांबून येणारा माणूस आपण चालीवरून ओळखतो. तोंड दिसत नाही, तरी "हा अमक्याचा पोरगा" असं म्हणतो आणि ते बरोबरही निघतं. कारण त्याला रोज पाहिलेलं असतं. समुद्रात तसं नसतं. बोट हलत असते, पक्षी लाटांच्या आड जातो आणि पुन्हा वर येतो. तो दिसतो जेमतेम पंधरा-वीस सेकंद. आणि आयुष्यात पहिल्यांदाच दिसत असतो.

त्यात तीन गोष्टी हमखास फसवतात.

पहिली, आकार. पाण्यावर शेजारी झाड, खांब, घर असं मोजायला काहीच नसतं. त्यामुळे जवळचा छोटा पक्षी मोठा वाटतो आणि लांबचा मोठा पक्षी छोटा.

दुसरी, उजेड. सूर्य समोर असला की प्रत्येक पक्षी काळा दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तपकिरी पंख चमकून पांढरट भासतात.

तिसरी गोष्ट म्हणजे आपलं मन. बोटीवर कुणी एकदा "अरे, हा तर अमुक पक्षी!" असं ओरडलं, की बाकीच्यांनाही त्या पक्ष्याच्या खुणा दिसायला लागतात. न दिसलेल्या खुणासुद्धा.

दीडशे वर्षांपूर्वीची खरी गोष्ट

१८७० च्या दशकात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे इंग्रज सरकारचे मोठे अधिकारी होते. शाळेच्या इतिहासात त्यांचं नाव काँग्रेसच्या स्थापनेत येतं. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागे ह्यूम होते. पण त्याआधी भारतातल्या पक्ष्यांचा अभ्यास हाच त्यांचा ध्यास होता.

१८७२ मध्ये त्यांनी अरबी समुद्रातल्या एका पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. ग्वादर ते मस्कत दरम्यानच्या समुद्रात मिळालेल्या नमुन्यावर ते वर्णन आधारलेलं होतं. हा पक्षी म्हणजे पर्शियन शिअरवॉटर. पारव्याएवढा, वरून गडद तपकिरी, खालून पांढरा, लाटांना जवळजवळ घासत उडणारा. हाच पक्षी आजही महाराष्ट्राच्या समुद्रात असतो. पावसाळ्यात थकून तो कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडतो, तेव्हा तिथल्या लोकांना तो पहिल्यांदा जवळून दिसतो.

१८७५ मध्ये ह्यूम लक्षद्वीपकडे गेलेल्या सरकारी सर्वेक्षण जहाजावर होते. दीपगृहांसाठी जागा पाहणं हे त्या सफरीचं सरकारी काम. त्याच सफरीत त्यांनी पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवरचे पक्षीही पाहिले. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले वेंगुर्ला रॉक्स हे खडक त्यात होते. समुद्री सुरय पक्ष्यांच्या विणीची जागा म्हणून ते आजही प्रसिद्ध आहेत.

त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे बंदुकीने मारून हातात घ्यायचा, हीच पद्धत होती. आज ते काम कॅमेरा करतो आणि तेच योग्य. पण नुसता मेलेला पक्षी त्या काळीही पुरावा धरला जात नव्हता. त्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असायची. कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी मिळवला, हे त्यावर लिहिलेलं असायचं. चिठ्ठी नसलेला पक्षी अभ्यासाला फारसा उपयोगाचा नसे. आजच्या फोटोचंही तेच आहे. जागा आणि तारीख नसलेला फोटो फक्त पाहायला बरा.

ह्यूम यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मोबाईलवाल्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. १८८३ च्या सुमारास सिमल्याच्या त्यांच्या घरातली पक्ष्यांविषयीची हस्तलिखितं एका नोकराने रद्दीत विकली. अनेक वर्षांच्या टिपणांची पुडकी बांधायची रद्दी झाली. त्यानंतर त्यांचं पक्ष्यांवरचं मन उडालं. १८८५ मध्ये आपला सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. संग्रह वाचला, लिहिलेलं गेलं. आज नोंदी फोनमध्येच ठेवल्या आणि फोन पाण्यात पडला, तर आपलीही गत तीच.

नाव सांगण्याआधी या सात गोष्टी पाहा

बोटीवर असा की धरणाच्या भिंतीवर, क्रम हाच ठेवा.

१. आकार : ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करा. चिमणी, बुलबुल, पारवा, कावळा, घार हे पाच पक्षी गावात सगळ्यांना माहीत आहेत. "पारव्यापेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान" एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं.

२. उडण्याची ढब : पंख सारखे हलवतो, की ताठ ठेवून तरंगतो? पाण्याला लागून जातो, की उंच जाऊन खाली येतो? वरून सूर मारतो का? समुद्रात रंगाआधी ढबच दिसते.

३. पंखांची खालची बाजू : पांढरी, गडद की दोन रंगी? पंखाच्या कडा वेगळ्या आहेत का?

४. कंबर आणि शेपटी : शेपटीच्या वर पांढरा पट्टा आहे का? शेपटी आखूड, लांब, निमुळती की दुभंगलेली?

५. डोकं आणि चोच : कपाळ पांढरं आहे का? चोच जाड की बारीक, फिकी की काळी? टोकाचा रंग वेगळा आहे का?

६. पाय : रंग दिसला का? उडताना पाय शेपटीच्या बाहेर येतात का?

७. जागा, वेळ, संगत : तारीख, वेळ, किनाऱ्यापासून अंतर, वारा कसा होता, पक्षी एकटा की थव्यात, मासेमारी बोटीच्या मागे लागला होता का.

यातलं जे दिसलं नाही, त्यापुढे "दिसलं नाही" असंच लिहा. ही रिकामी जागा भरायचा मोह फार होतो. तिथेच नोंद बिघडते.

गोंधळ घालणाऱ्या जोड्या

महाराष्ट्राच्या समुद्रात दिसणारे बरेच पक्षी एकमेकांसारखे दिसतात. एखादी छोटी खूण पाहिली तरच फरक कळतो.

विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल आणि स्विनहोज स्टॉर्म पेट्रेल : दोन्ही काळपट आणि बुलबुलापेक्षा फार मोठे नाहीत. विल्सनचं वजन अवघं ३५ ते ४० ग्रॅम. तो अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करतो आणि आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात अरबी समुद्रापर्यंत येतो. पाण्यावर पाय टेकवत नाचल्यासारखा उडतो. त्याच्या कंबरेवर ठळक पांढरा पट्टा असतो, शेपटी सरळ कापल्यासारखी असते आणि पाय तिच्या बाहेर येतात. स्विनहोजची कंबर गडद असते आणि शेपटी दुभंगलेली. तो जपान-कोरियाकडच्या बेटांवर वीण करतो. कंबर दिसली नाही, तर दोघांपैकी कोण हे सांगता येत नाही.

फ्लेश-फूटेड शिअरवॉटर आणि वेज-टेल्ड शिअरवॉटर : दोन्ही कावळ्यापेक्षा थोडे मोठे, पंखांचा पसारा सुमारे एक मीटर. वेज-टेल्डमध्ये खालून पांढरे पक्षीही असतात, पण गडद पक्षी दिसला की दोघांत गोंधळ ठरलेला. फ्लेश-फूटेडची चोच फिकी गुलाबी आणि टोकाला गडद असते, पाय गुलाबी, शेपटी आखूड. वेज-टेल्डची चोच बारीक आणि करडी, शेपटी लांब आणि निमुळती. इथे चोच आणि शेपटी या दोनच गोष्टींवर निकाल लागतो.

ब्राइडल्ड टर्न आणि सूटी टर्न : हे दोन्ही समुद्री सुरय. वरून गडद, खालून पांढरे, शेपटी खोल दुभंगलेली. ब्राइडल्डची पाठ करडी-तपकिरी असते आणि कपाळावरचा पांढरा रंग भुवईसारखा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. सूटीची पाठ काजळासारखी काळी असते आणि कपाळाचा पांढरा रंग डोळ्यापाशीच थांबतो. ब्राइडल्ड वेंगुर्ला रॉक्सवर वीण करतो.

मास्क्ड बूबी आणि ब्राउन बूबी : हे घारीपेक्षा मोठे. मास्क्ड बूबीचा पंखपसारा सुमारे दीड मीटर. मोठा झालेला मास्क्ड बूबी पांढराशुभ्र असतो, पंखांची मागची कड आणि शेपटी काळी, तोंडावर काळा मुखवटा. पण त्याचं पिल्लू तपकिरी डोक्याचं असतं आणि ते ब्राउन बूबीसारखं दिसतं. पिल्लाच्या मानेवर पांढरी पट्टी असते. ब्राउन बूबीच्या मानेवर अशी पट्टी नसते; त्याचा तपकिरी रंग छातीवर सुरीने कापल्यासारखा सरळ थांबतो आणि खाली पांढरं पोट सुरू होतं. पावसाळ्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थकलेले मास्क्ड बूबी सापडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. ज्याला "परदेशी गरुड" म्हणून व्हिडिओत दाखवतात, तो अनेकदा हाच असू शकतो.

जोनिन्स पेट्रेल : हा संपूर्ण गडद तपकिरी पक्षी पारव्याएवढा. चोच काळी आणि जाड. अरबी समुद्रात तो असतो, तरी शास्त्राला त्याची वेगळी ओळख पटली ती १९५५ मध्ये. त्यानंतरही तो अंडी कुठे घालतो हे जवळजवळ अर्धं शतक कळलं नव्हतं. शेवटी येमेनच्या सोकोत्रा बेटावरच्या कड्यांत त्याची घरटी सापडली. तज्ज्ञांनाही एक घरटं शोधायला एवढी वर्षं लागली. मग वीस सेकंद पाहून कुणाला नाव सांगता आलं नाही, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चांगली नोंद कशी दिसते?

नमुन्यादाखल एक नोंद पाहू. ही घडलेली घटना नाही, फक्त लिहिण्याची पद्धत दाखवण्यासाठी दिली आहे.

"१२ ऑक्टोबर, सकाळी ७.४०. मालवणच्या पश्चिमेला अंदाजे ४० किलोमीटर. समुद्र शांत, सूर्य पाठीमागे. एकच पक्षी, बोटीच्या डाव्या बाजूला साधारण १०० मीटरवर, २० सेकंद दिसला. कावळ्यापेक्षा थोडा मोठा. सगळा गडद तपकिरी, पंखाखालूनही गडद. चोच फिकी, टोक गडद वाटलं. शेपटी आखूड. चार-पाच वेळा पंख हलवून लांबवर तरंगत गेला. पाय दिसले नाहीत. दोन फोटो, दोन्ही अंधुक."

यात पक्ष्याचं नाव कुठेच नाही. तरी जाणकार माणूस हे वाचून फ्लेश-फूटेड शिअरवॉटरपर्यंत पोहोचू शकतो, कारण फिकी चोच आणि आखूड शेपटी त्याच दिशेने बोट दाखवतात. "पाय दिसले नाहीत" हे वाक्य वाचल्यावर लिहिणारा माणूस विश्वासाचा आहे, हेही त्याला कळतं. याउलट "दुर्मीळ शिअरवॉटर दिसला, शंभर टक्के खात्री" एवढंच लिहिलं, तर तपासणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

मोबाईलने फोटो कसा काढायचा?

झूम फार वाढवू नका, फोटो फुटतो. थोडं लांबून पण स्थिर काढलेलं चित्र नंतर मोठं करून पाहता येतं. शक्य असेल तर व्हिडिओ काढा, कारण उडण्याची ढब व्हिडिओतच कळते. दुर्बीण असेल तर तिच्या डोळ्याला मोबाईलचा कॅमेरा टेकवूनही फोटो निघतो. एखाद्या फोटोत पक्ष्यासोबत बोटीची कड, मासेमारीची खूण किंवा दुसरा ओळखीचा पक्षी येऊ द्या, आकाराचा अंदाज बांधायला बरं पडतं.

मोबाईलमधलं लोकेशन चालू ठेवा. बोटीवर जीपीएस असेल तर त्याच्या पडद्याचाही एक फोटो घ्या.

आणि एक महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यातली तारीख-जागेची माहिती निघून जाते. म्हणून मूळ फोटो पुसू नका. तपासणाऱ्याला मूळ फाईलच पाठवा आणि तिची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

दावा तपासला कसा जातो?

आज देशातले हजारो पक्षिनिरीक्षक आपल्या नोंदी 'ईबर्ड' या मोफत ॲपवर टाकतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने हे काम २००२ मध्ये सुरू झालं. एखाद्या भागात किंवा हंगामात सहसा न दिसणारा पक्षी कुणी नोंदवला, की ॲप ती नोंद बाजूला काढतं. मग त्या भागातले जाणकार स्वयंसेवक ती तपासतात. फोटो आहे का, वर्णन काय, दुसरी कुठली जात असू शकते का, हे विचारतात.

असा प्रश्न आला की काहींना राग येतो. "मी डोळ्यांनी पाहिलंय, मग पुरावा कशाला?" पण जमिनीच्या मोजणीतही सगळे शेजारी डोळ्यांनी हद्द पाहिल्याचं सांगतात, तरी सरकारी मोजणी लागतेच. इथेही तेच. नोंद मान्य झाली नाही म्हणजे माणूस खोटा ठरला असं नाही. पुरावा कमी पडला, एवढाच त्याचा अर्थ.

नाव ठरत नसेल तर "शिअरवॉटर, जात नक्की नाही" अशी नोंद करण्याची सोय ॲपमध्ये आहे. अशी नोंद खरी असते आणि ती उपयोगीही पडते. चुकीच्या नावाची नोंद मात्र वर्षानुवर्षं फिरत राहते. पुढचा माणूस तिच्या आधाराने आणखी एक चूक करतो.

मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' उपयोगी पडतो. कुरव म्हणजे गल, सुरय म्हणजे टर्न ही नावं त्यामुळे सहज कळतात. खोल समुद्रातल्या पक्ष्यांची इंग्रजी नावंच जास्त चालतात. नोंद करताना ॲपमधलं नाव वापरा, म्हणजे गफलत होत नाही.

पावसाळ्यात बीडकरांनी लक्ष का ठेवायचं?

नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की समुद्र खवळतो. महाराष्ट्रात यांत्रिक बोटींची मासेमारी साधारण १ जून ते ३१ जुलै बंद असते. म्हणजे ज्या दिवसांत वादळी वारे समुद्री पक्ष्यांना जमिनीकडे ढकलतात, नेमक्या त्याच दिवसांत समुद्रावर बघणारं कुणी नसतं. अशा वेळी किनाऱ्यावर आणि आतल्या भागात सापडलेला एकेक पक्षी मोठी माहिती देतो.

चक्रीवादळात तर पक्षी वाऱ्याबरोबर फार आत येतात. मे २०२० मध्ये अम्फान वादळ पश्चिम बंगालवर आदळल्यानंतर तिथे किनाऱ्यापासून आत सूटी टर्नसारखे खोल समुद्रातले पक्षी दिसले होते. त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढे राज्याच्या आतल्या भागात सरकलं. अशा वादळानंतरचे दोन-तीन दिवस मोठ्या पाणसाठ्यांवर नजर टाकण्याचे असतात. दमलेला समुद्री पक्षी पाणी पाहूनच उतरतो. सिंदफणेवरचं माजलगाव धरण, धनेगावचं मांजरा धरण, बीडजवळचा बिंदुसरा प्रकल्प आणि जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी ही त्यासाठीची ठिकाणं.

मात्र धरणावर वेगळा पक्षी दिसला, की तो समुद्राचाच असं धरून चालू नका. आधी नेहमीचे पक्षी तपासा. नदी सुरय हा करड्या पाठीचा, पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा पक्षी आपल्याकडचाच आहे. पाणकावळा काळा असतो आणि पंख पसरून वाळवत बसतो. हिवाळ्यात कुरव येतात. सूटी टर्न म्हणावं तर पाठ काळी हवी, शेपटी खोल दुभंगलेली हवी आणि कपाळ पांढरं हवं. तिन्ही खुणा दिसल्या का, हे स्वतःला विचारा.

पडलेला पक्षी सापडला तर काय करायचं?

समुद्री पक्षी जमिनीवर सापडतो तेव्हा तो बहुतेक वेळा उपाशी आणि थकलेला असतो. चांगल्या हेतूने केलेल्या चुका त्याचा जीव घेतात.

• त्याला हवेत फेकून उडवायचा प्रयत्न करू नका.
• पाण्याच्या टाकीत, विहिरीत किंवा धरणात सोडू नका. पिसांचं तेल गेलेलं असेल तर तो भिजून बुडतो.
• तोंड उघडून पाणी किंवा खाणं घालू नका. पाणी श्वासनळीत जातं.
• हवेसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं कापड टाकून, सावलीत, शांत जागी ठेवा. कुत्री, मांजरं आणि सेल्फीवाले यांना लांब ठेवा.
• बूबीसारख्या मोठ्या पक्ष्याची चोच धारदार असते आणि तो डोळ्यांकडे झेपावतो. तोंड जवळ नेऊ नका. अंगावर टॉवेल टाकून धरा.
• वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर कळवा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यालाही सांगा.
• घरी पाळू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हा ठरू शकतो.

मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. त्याच काळात बीड जिल्ह्यातल्या मेलेल्या कावळ्यांमध्येही तो निघाला होता. म्हणून लांबून फोटो घ्या आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. कोंबड्या त्या जागेपासून दूर ठेवा.

पक्ष्याच्या पायात धातूचं कडं दिसलं, तर ते काढू नका. त्यावरचे अक्षर-आकडे स्पष्ट दिसतील असा फोटो घ्या. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ पासूनची संस्था पक्ष्यांना अशी कडी घालते. कड्यावरच्या आकड्यावरून तो पक्षी कुठून निघाला होता हे कळतं.

सुरुवात घरापासून

समुद्रावर जायची संधी सगळ्यांना मिळत नाही. पण सराव गावातच करता येतो. येत्या रविवारी जवळच्या तलावावर अर्धा तास बसा. एक नदी सुरय किंवा एक पाणकावळा निवडा आणि नाव न लिहिता फक्त खुणा लिहा. ढब कशी, चोच कशी, शेपटी कशी, काय दिसलं नाही. मग तो कागद घरातल्या दुसऱ्याला द्या आणि पक्षी ओळखायला सांगा. त्याला ओळखता आला, तर तुमची नोंद पक्की. नाही आला, तर कुठली खूण राहिली ते लगेच कळेल. पुढच्या वादळानंतर धरणावर खरंच कुणी अनोळखी पाहुणा उतरला, तर हाच सराव कामाला येईल.